चेहऱ्याची पावती

‘माल परत आला’ हे शब्द व्यापाऱ्याच्या घरात नवे नसतात. ओल जास्त निघाली, वजनात तूट आली, नमुन्याप्रमाणे माल उतरला नाही, अशा कारणांनी परत फिरलेले ट्रक आमच्या पिढीने पुष्कळ पाहिले आहेत. परंतु गेल्या हंगामात आमच्या घरी जो माल परत आला, तो पोत्यांतला नव्हता. ती छायाचित्रे होती.

माझी पुतणी सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात हिशेबाचे काम पाहते. तिला छायाचित्रणाची आवड आहे. हळदीची आवक सुरू झाली की यार्डाचे रूपच पालटते. राजापुरी हळदीचे ढीग, सौद्याच्या वेळची गर्दी, पाठीवर पोते घेतलेले हमाल, गोदामाच्या दारात हळकुंडे निवडणाऱ्या बायका आणि या साऱ्यांवर पसरलेली पिवळी धूळ. हे सारे तिने महिनाभर टिपले आणि त्यांतील दहा छायाचित्रे निवडून विक्रीसाठी एका परदेशी संकेतस्थळाकडे पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आले. तीन पसंत, सात नापसंत.

“काका, सात परत आली,” असे म्हणून ती खिन्नपणे बसली. मी म्हणालो, “खरेदीदाराने माल परत केला तर आपण आधी कारण वाचतो. येथेही तेच करू.” आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. त्या सात कारणांपैकी सहा आम्हाला अर्ध्या तासात उमगली. सातवे उमगायला बराच काळ लागला, आणि त्या काळात माझ्याच एका सवयीकडे मला नव्याने पाहावे लागले.

हा व्यापार कसा चालतो

जाहिरातदार, प्रकाशक, वेष्टने छापणारे कारखानदार यांना रोज छायाचित्रे लागतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार नेमणे त्यांना परवडत नाही. म्हणून तयार छायाचित्रांचा साठा करून तो विकणाऱ्या संस्था निघाल्या. अशा पहिल्या मोठ्या संस्थांपैकी एक एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० साली अमेरिकेत स्थापन केली. पुढे इंटरनेट आले. २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे आयस्टॉकफोटो आणि २००३ साली न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक सुरू झाले, आणि हे दुकान सर्वांना खुले झाले. शटरस्टॉकचे संस्थापक जॉन ओरिंगर यांनी आपल्या स्वतःच्याच सुमारे ३०,००० छायाचित्रांवर ते सुरू केले होते.

येथे छायाचित्राची मालकी विकली जात नाही, वापराचा परवाना विकला जातो. त्यामुळे एकच छायाचित्र शंभर गिऱ्हाइकांना शंभर वेळा विकता येते. मात्र प्रत्येक विक्रीतून छायाचित्रकाराच्या पदरी थोडेच पडते. शटरस्टॉकने २०२० साली छायाचित्रकाराचा वाटा विक्रीच्या प्रमाणात १५ ते ४० टक्के असा ठरवला. अडोबी स्टॉकवर छायाचित्रांसाठी तो ३३ टक्के आहे. म्हणजे येथे अडत्याची अडत माल आणणाऱ्याच्या वाट्याहून मोठी! झटपट कमाईच्या आशेने येथे येणाऱ्याची निराशाच होते. नियमाने, चिकाटीने आणि चोख माल देणाराच येथे टिकतो.

सहा नकार

दोन छायाचित्रे ‘नॉइज’मुळे परत आली होती. गोदामात उजेड कमी असतो. म्हणून पुतणीने कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला होता, आणि सावलीच्या भागात रंगीत रवाळ ठिपके उमटले होते. मोबाइलच्या पडद्यावर ते दिसत नाहीत. संगणकावर छायाचित्र पूर्ण आकारात उघडले की लगेच दिसतात. यावर उपाय सोपा आहे. सकाळच्या उन्हात दाराजवळ छायाचित्र घ्यावे किंवा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून आयएसओ कमी ठेवावा.

तिसऱ्यात फोकस चुकला होता. सौदा पुकारणाऱ्या माणसाच्या टोपीची वीण स्पष्ट आणि डोळे मात्र पुसट. माणसाच्या छायाचित्रात परीक्षक प्रथम डोळे पाहतो.

चौथे आणि पाचवे ‘एकसारखी’ म्हणून नाकारली गेली. हळदीच्या एकाच ढिगाची, दोन पावले सरकून घेतलेली तीन छायाचित्रे तिने पाठवली होती. त्यांतील एक ठेवून दोन परत केली गेली. एकाच पोत्यातले तीन नमुने तीन माल म्हणून दाखवल्यास आपला खरेदीदारही हसेल.

सहाव्यात एका पोत्यावर एका कंपनीचे छापील बोधचिन्ह दिसत होते. ज्या छायाचित्राचा उपयोग जाहिरातीत होणार, त्यात दुसऱ्याचा व्यापारचिन्हांकित माल दिसता कामा नये. पोते फिरवून ठेवले असते तरी काम झाले असते.

याखेरीज काही साध्या गोष्टी नवशिक्यांनी ध्यानात ठेवाव्यात. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही ठिकाणी छायाचित्र किमान ४ मेगापिक्सेलचे असावे लागते. आजच्या मोबाइलला हे कठीण नाही; परंतु व्हॉट्सॲपवरून मागवलेले छायाचित्र आकसलेले असते, ते चालत नाही. मूळ फाइलच पाठवावी. शोधशब्दांची मर्यादा शटरस्टॉकवर ५० आणि अडोबी स्टॉकवर ४९ आहे. म्हणून सगळ्या जागा भरण्याचा अट्टहास नसावा. हळदीच्या ढिगाला ‘सोने’ आणि ‘वाळवंट’ असे शब्द जोडले की छायाचित्र नाकारले जाण्याची शक्यता वाढते. नाकारलेले छायाचित्र न सुधारता पुन्हापुन्हा पाठवू नये. त्याने आपल्या खात्याविषयी शंका निर्माण होते. तसेच एका ठिकाणचा नकार हा सर्वत्र नकार नसतो. प्रत्येक पेढीची गरज निराळी असते, आणि अनन्य विक्रीचा करार केला नसेल तर तेच छायाचित्र दुसरीकडे देता येते.

या सहा नकारांवरून एक गोष्ट कळली. परीक्षक छायाचित्राचे सौंदर्य मोजत बसत नाही. गिऱ्हाइकाला हा माल तक्रारीशिवाय वापरता येईल का, एवढेच तो पाहतो. हे कळल्यावर पुतणीच्या चेहऱ्यावरची खिन्नता गेली.

सातवे छायाचित्र

दहांतील सर्वोत्तम छायाचित्र सातवे होते. आमच्या गोदामात गेली कित्येक वर्षे हळद निवडणाऱ्या एका मावशींचे. कपाळावरचा घाम मनगटाने पुसताना त्या क्षणभर हसल्या होत्या. तळहात पूर्ण पिवळे, मागे दारातून येणारा उजेड. फोकस अचूक, रंग नेमके. नकाराचे कारण एका ओळीत होते: मॉडेल रिलीज जोडलेले नाही.

मॉडेल रिलीज म्हणजे छायाचित्रातील व्यक्तीने दिलेले लेखी संमतिपत्र. माझे छायाचित्र व्यापारी कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही, असे ते सांगते. छायाचित्र काढणाऱ्याचा त्यावर कॉपीराइट असतो हे आपल्याला ठाऊक असते. परंतु चेहरा ज्याचा आहे, त्याचाही त्यात हक्क असतो. हे दोन हक्क निरनिराळे आहेत, आणि पहिला असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही.

बातमी, माहितीपर लेख किंवा पाठ्यपुस्तक यांसाठीच्या छायाचित्रांना ‘एडिटोरियल’ म्हणतात. त्यांना बहुधा संमतिपत्र लागत नाही, पण ती जाहिरातीत, वेष्टनावर किंवा दिनदर्शिकेवर वापरता येत नाहीत. जाहिरातीसाठीच्या ‘कमर्शियल’ छायाचित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे संमतिपत्र लागते. ओळख केवळ चेहऱ्यानेच पटते असे नाही. गोंदण, विशिष्ट पोशाख, पाठमोरी आकृती यांवरूनही ती व्यक्ती स्वतःला ओळखत असेल, तर कागद मागितला जातो. छायाचित्रकाराने स्वतःचेच छायाचित्र दिले, तरी स्वतःचे संमतिपत्र जोडावे लागते. १८ वर्षांखालील मुलांसाठी आई-वडील किंवा पालक सही करतात. संमतिपत्रावरील नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्राची तारीख आणि साक्षीदाराची सही यांत कोठे विसंगती आढळली, तर त्या एका कारणावरूनही छायाचित्र परत येते. खासगी घर, दुकानाचा अंतर्भाग किंवा एखाद्याने रंगवलेले चित्र ठळकपणे दिसत असेल, तर मालकाचे ‘प्रॉपर्टी रिलीज’ मागितले जाते.

पिठाच्या जाहिरातीवरील तरुणी

हा कागद कोठून आला, याची हकिगत आपल्यासारख्या धान्य-किराण्याच्या व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका पिठाच्या गिरणीने आपल्या जाहिरातीवर एका तरुणीचे छायाचित्र छापले. सुमारे २५,००० प्रती दुकानांतून, गोदामांतून आणि मद्यालयांतूनही झळकल्या. तिला कोणी विचारलेही नव्हते. ओळखीच्या लोकांनी तिला त्या भित्तिपत्रकावर ओळखले; त्या मनस्तापाने ती अंथरुणाला खिळली. तिने गिरणीवर आणि जाहिरात छापणाऱ्या कंपनीवर दावा लावला. १९०२ साली राज्याच्या अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो फेटाळला. असा हक्क कायद्यात कोठे लिहिलेलाच नाही, हे त्याचे कारण होते.

लोक संतापले. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तेथील विधिमंडळाने कायदा केला: जिवंत व्यक्तीचे नाव वा चित्र तिच्या लेखी संमतीवाचून जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरणे हा गुन्हा होय, व्यक्ती अज्ञान असल्यास पालकाची संमती हवी. आजच्या मॉडेल रिलीजमागे उभ्या असलेल्या कायद्यांपैकी हा एक जुना कायदा.

या कथेला एक पुरवणी आहे. तो निकाल देणारे मुख्य न्यायाधीश अल्टन पार्कर १९०४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. आपली आणि कुटुंबीयांची छायाचित्रे घेणाऱ्यांचा त्यांना त्रास होऊ लागला आणि त्यांनी तशी तक्रार केली. तेव्हा त्याच तरुणीने त्यांना जाहीर पत्राने आठवण करून दिली की, असा हक्कच नाही असे आपणच ठरवले आहे.

हाच कायदा शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा पुढे आला. २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका सरकारी विभागाने एचआयव्हीबाधितांच्या हक्कांविषयी वृत्तपत्रात जाहिरात दिली. त्यावरील तरुणीला तो आजार नव्हता. तिचे ते छायाचित्र वेगळ्याच कामासाठी काढलेले होते. छायाचित्रकाराने ते तिच्या संमतिपत्राविना छायाचित्रपेढीकडे दिले आणि तेथून ते जाहिरातीत गेले. तिने न्यायालयात धाव घेतली. जाहिरातीचा हेतू चांगला होता. विभागाने छायाचित्र रीतसर विकत घेतले होते. तरी एका निरपराध मुलीला आपल्या माणसांपुढे खुलासे करीत बसावे लागले. साखळीतला एक कागद नव्हता, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात, संमतीविना एखाद्याचे नाव किंवा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग होतो असे म्हटले. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तेव्हा ही केवळ परदेशी संकेतस्थळांची कटकट आहे, असे समजण्याचे कारण नाही.

“सही घेऊन टाक”

यांपैकी काहीच मला त्या दिवशी माहीत नव्हते. मी पुतणीला सहज म्हणालो, “एवढेच ना? आपलीच माणसे आहेत. संध्याकाळी हजेरीच्या वेळी सही घेऊन टाक.”

तिने संमतिपत्र छापून आणले. इंग्रजीत होते. संध्याकाळी मजुरीचे वाटप चालू असता ती कागद घेऊन मावशींजवळ गेली. मी गल्ल्यावर बसलो होतो. बोलणे ऐकू येत होते.

“कशाचा कागद ताई? उचलीचा का?” मावशींनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता शाईच्या डबीकडे अंगठा नेला.

पुतणीने त्यांचा हात धरला. “थांबा मावशी. उचलीचा नाही. आधी ऐका तरी.” तिने मोबाइलवर छायाचित्र दाखवले. मावशी हसल्या, लाजल्या, शेजारणीलाही दाखवले. मग तिने कागदाचा अर्थ मराठीत सांगितला. हे छायाचित्र जगात कोणीही विकत घेईल आणि जाहिरातीत वापरील.

“म्हंजे कुठं लागंल?”

“ते मलाही कळणार नाही.”

“दवाखान्याच्या पाटीवर लागंल? दारूच्या बाटलीवर?”

पुतणी क्षणभर थांबली. दुखणेकऱ्याचे चित्र म्हणून, तंबाखूच्या जाहिरातीत किंवा राजकीय प्रचारात छायाचित्रातील व्यक्ती वापरण्यास बहुतेक पेढ्या मनाई करतात किंवा त्यावर बंधने घालतात. पण अमुक ठिकाणी लागणारच नाही, अशी हमी ती कशी देणार? शिवाय आता छायाचित्रे केवळ छापली जात नाहीत. अडोबीने २०२३ साली आणलेली फायरफ्लाय ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली अडोबी स्टॉकवरील छायाचित्रांवर शिकवली गेली आहे. हे तरी मावशींना कसे समजावायचे? ती एवढेच म्हणाली, “नियम आहेत मावशी, पण मी शब्द देऊ शकत नाही. आणि एकदा विकले गेले की परत आणता येत नाही.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मग नगं ताई. पर मालकास्नी राग न्हाई ना येनार?”

हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी होता. मी गल्ल्यावरून उठलो आणि “नाही हो मावशी, मुळीच नाही,” असे म्हणालो खरा. परंतु माझे मन मला खात होते. पुतणीने हात धरला नसता, तर अंगठा उठला असता. साक्षीदार म्हणून दिवाणजींची सही झाली असती. संकेतस्थळाने छायाचित्र आनंदाने स्वीकारले असते. कागद सर्वांगांनी पुरा ठरला असता आणि तरीही तो खोटा असता. कारण त्या अंगठ्यामागे संमती नव्हती. उचल, हजेरी आणि उद्याची रोजी होती. ज्याच्या हातून मजुरी मिळते, त्याने पुढे केलेल्या कागदाला ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे इतकी वर्षे गल्ल्यावर बसून माझ्या ध्यानात आले नव्हते. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर, दुकानाच्या दिनदर्शिकेवर आम्ही आमच्या कामगारांची छायाचित्रे छापली आहेत. कधी कोणाला विचारले होते?

ते छायाचित्र पुन्हा कोठेही पाठवले गेले नाही. पुतणीने त्याची मोठी प्रत काढून मावशींना दिली. त्यांनी ती पदराखाली झाकून, पिवळा हात लागू नये अशा बेताने घरी नेली.

पुढच्या आठवड्यात तिने एका तरुण हमालाला विचारले. तो बारावी शिकलेला. त्याने कागद घरी नेला, दोन दिवस ठेवला, मग येऊन ५०० रुपये आणि दोन प्रती मागितल्या. पुतणीने ३०० म्हणून पाहिले. तो ढळला नाही. शेवटी ५०० ठरले, सही झाली, आणि ते छायाचित्र पहिल्याच फेरीत पसंत झाले. मला तो सौदा फार आवडला. ज्याला नाही म्हणता येते आणि भाव करता येतो, त्याच्या सहीविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

आपल्या दुकानात, आपल्या घरात

आज अनेक घरांतील मुले-मुली या वाटेला लागली आहेत आणि आपण सारेच जाहिरातींसाठी छायाचित्रे वापरतो. म्हणून अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी येथे नोंदवतो.

आपल्याकडे काम करणाऱ्याची संमती हवी असेल, तर मजुरीच्या वेळी आणि मालकाने स्वतः ती मागू नये. कागदाचा अर्थ त्याच्या भाषेत सांगावा, विचारास अवधी द्यावा, आणि सही झाल्यावर कागदाची एक प्रत त्याच्याकडे राहू द्यावी. काही मोबदला द्यावा व त्याची नोंद ठेवावी. जे छायाचित्र शेजाऱ्यांपुढे टांगले तर आपल्या लेकीबाळींना संकोच वाटेल, ते दुसऱ्याच्या लेकीबाळींचे पाठवू नये.

लग्नसमारंभातील छायाचित्रांबाबतही सावध असावे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणारा असतो. तेव्हा छायाचित्रकाराने ती परस्पर विकू नयेत. पण यजमानानेही ध्यानात घ्यावे की कॉपीराइट त्याचा असला, तरी पंगतीत बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे त्याचे नाहीत.

आणि आपण गिऱ्हाईक असू तेव्हा? मसाल्याच्या पाकिटासाठी, दुकानाच्या फलकासाठी इंटरनेटवरून दिसेल ते छायाचित्र उचलण्याची सवय सोडावी. परवाना विकत घ्यावा, ‘एडिटोरियल’ शिक्का असलेले छायाचित्र जाहिरातीत वापरू नये, आणि परवान्याची पावती खरेदीच्या इतर पावत्यांबरोबर जपून ठेवावी.

पुतणीने आता एक स्वतंत्र वही घातली आहे. लाल पुठ्ठ्याची, आमच्या खातेवहीसारखीच. छायाचित्राचा क्रमांक, तारीख, व्यक्तीचे नाव, दिलेला मोबदला, संमतिपत्र कोठे ठेवले आहे, असे रकाने तिने आखले आहेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. परवा सहज चाळताना पहिल्या पानावरची पहिलीच नोंद दिसली. मोबदल्याचा रकाना रिकामा होता, आणि शेऱ्यात तिने लिहिले होते: ‘नको म्हणाल्या. पुन्हा विचारू नये.’